टॅपेट सैल केलंस?

फोंडा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमच्या वर गाडी गेली की पुढून एक बारीक शीळ यायची. आरपीएम वाढेल तशी ती वर चढायची, पाय उचलला की उतरायची. पहिले दोन दिवस मी मनाची समजूत घातली, वाल्व उघडणारी कॅमशाफ्ट नवीन आहे, बसेल हळूहळू. तिसऱ्या दिवशी कणकवलीला गाडी थांबवून बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आवाज टायमिंग बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगचा होता. जेमतेम सहाशे किलोमीटर चाललेलं नवं बेअरिंग.

गाडी २००१ची एस्टीम, एमएच ०७, बाबांनी घेतलेली. इंजिन १२९८ सीसी, सोळा वाल्व. ही गाडी मला जीव की प्राण आहे, म्हणूनच गेल्या हिवाळ्यात ती मी उघडली. हेड, म्हणजे इंजिनाचा वाल्व असलेला वरचा भाग, कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन पाऊण मिलिमीटर फेसिंग करून, म्हणजे तळ तासून, आणलं. जास्त लिफ्टची, म्हणजे वाल्व जास्त उघडणारी कॅमशाफ्ट, तिला झेपतील अशा कडक वाल्व स्प्रिंगा आणि अंश मागे-पुढे करता येणारी कॅम पुली बसवली. खालचं पिस्टन, क्रँक, सगळं कंपनीचं. जोडणी मीच केली, घरामागच्या मांगरात, आणि कॅमशाफ्टला क्रँकशी जोडणारा दातेरी टायमिंग बेल्टसुद्धा मीच बसवला.

चूक तिथेच झाली होती. बेल्ट दोन्ही पुल्यांवर चढवला, टेन्शनरची स्प्रिंग अडकवली आणि टेन्शनर मोकळा सोडला, तेव्हा पट्ट्याची लांब बाजू मला ढिली वाटली. बोटाने दाबली तर लोंबत होती. एवढा खर्च करून बनवलेलं इंजिन, पट्ट्याने दात सोडला तर काय, या धास्तीने मी स्क्रूड्रायव्हरची पहार करून टेन्शनर रेटला आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळला. पट्टा ताठ झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

कव्हर काढलं तेव्हा बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. वाळू चावल्यासारखं करकरत होतं. पट्ट्याच्या दातांच्या खाचा चकचकीत झाल्या होत्या. ताण गरजेपेक्षा जास्त असला की दात पुलीत सहज शिरत नाहीत, घासत शिरतात, त्याची ही खूण. या इंजिनात पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर चालत नाही, बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो, म्हणून तो वाचला. ज्या इंजिनांत पंप याच पट्ट्यावर असतो तिथे आधी पंपाचं बेअरिंग गेलं असतं. माझ्याकडे सगळा भार टेन्शनर आणि कॅमशाफ्टच्या पुढच्या जर्नलवर पडला होता. जर्नल, म्हणजे दांड्याचा टेकून फिरणारा भाग, हेडच्याच अॅल्युमिनियममध्ये फिरतो, वेगळं बेअरिंग नसतं. तिथे खाल्लं असतं तर उद्यमनगरातून आणलेलं ते हेड गेलं असतं. टॉर्च लावून बराच वेळ बघत बसलो, बोट फिरवून पाहिलं. वाचलं होतं.

नवं बेअरिंग आणलं, नवा पट्टा आणला आणि दुसऱ्या टोकाला गेलो. गॅरेजांत एक जुनी रीत आहे. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि पिळायचा, साधारण ९० अंश पिळला गेला की ताण बरोबर. रीत वाईट नाही, पण ती बोटांवर चालते. माझी बोटं आणि तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाची बोटं यांत फरक असणारच. त्यातून पहिल्या वेळचा धडा डोक्यात होता, म्हणून मी हात राखून काम केलं. शीळ गेली. आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालली. मग एका संध्याकाळी आचऱ्याच्या बाजारात गाडी सुरू करताना पुढे एक फटका बसल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन थरथरत सुरू झालं. तीन हजारांच्या खाली ओढच नाही. घरापर्यंत आणायलाच नको होती, हे आज कळतं. त्या दिवशी आणली, अगदी हळू.

पुलीवरची खूण पाहिली. कॅम एक दात मागे.

पट्ट्याचा दात सुटला तरी या इंजिनाचे वाल्व वाकत नाहीत, असं गॅरेजांत सांगतात. कंपनीच्या इंजिनाचं काय असेल ते असो. हेड पाऊण मिलिमीटर खाली आल्यावर आणि कॅमची लिफ्ट वाढल्यावर त्या ऐकीव गोष्टीच्या भरवशावर राहता येत नाही. जोडताना मी पिस्टनच्या माथ्यावर मुलांची रंगीत माती थापून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून ठसे घेतले होते. माती कापून व्हर्नियरने मोजली. वाल्व आणि पिस्टनमधलं अंतर इनटेकला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच असावं असा बनवणाऱ्यांचा हिशेब असतो, माझ्याकडे २.३ आणि २.९ होतं. पण हे अंतर कॅम खुणेवर असतानाचं. कॅम मागे पडला की एक्झॉस्ट वाल्व उशिरा मिटतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या जवळ जातो. कॅम पुलीला चाळीसएक दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन काढलं आणि आकडे सारखे आले, म्हणजे वाल्व शाबूत होते, तेव्हाच पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींकडे गेलो. कणकवलीच्या बाहेर, हायवेपासून आत, त्यांचं कौलारू गॅरेज आहे. मुंबईत मोठ्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढून ते गावी आले. सकाळी गाड्या, संध्याकाळी भजनात पखवाज. मी सगळं सांगितलं. स्क्रूड्रायव्हरने रेटल्याचं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, हात पुसत राहिले. मग एकच विचारलं.

“टॅपेट सैल केलंस?”

“नाय, मेस्त्रीनू. टॅपेट आधी सेट केले, मग पट्टो घातलंय.”

“मगे ताण खंयसून येतलो? तू पट्ट्याक वडतंस कित्याक? तेका वडूक स्प्रिंग आसा मां थंय.”

आत जाऊन त्यांनी एक फाइल आणली, वर्कशॉप मॅन्युअलच्या झेरॉक्सची, कडा तेलाने काळ्या झालेल्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हेड कव्हर काढा, सगळ्या वाल्वचे अॅडजस्टिंग स्क्रू, म्हणजे आपण म्हणतो ते टॅपेट, पूर्ण सैल करा, कॅमशाफ्ट मोकळी फिरली पाहिजे. नाहीतर टेन्शनरची स्प्रिंग पट्ट्याला योग्य ताण देऊ शकणार नाही. बेल्ट बदलायच्या अनेक चित्रफितींत ही पायरी मी कधी पाहिली नव्हती. गडबडीत काम करणारे ती गाळतात, आणि साध्या इंजिनात बहुतेक वेळा ती गाळूनही निभावतं. माझ्या इंजिनात निभावणार नव्हतं.

कारण असं. कॅमशाफ्ट कुठेही थांबली तरी काही वाल्व उघडलेले असतात आणि त्यांच्या स्प्रिंगा कॅमच्या उंचवट्यावर दाब देत असतात. तो दाब कॅमला पुढे तरी ढकलतो नाहीतर मागे तरी. पुढे ढकलला तर पट्ट्याची ओढणारी, म्हणजे लांब बाजू ढिली पडते आणि टेन्शनरकडची बाजू ताणली जाते. टेन्शनरची स्प्रिंग त्या ताणलेल्या बाजूला दाबायला जाते आणि हरते. मागे ढकलला तर उलट, टेन्शनरकडे नको तेवढी ढिलाई येते. वाल्व स्प्रिंगा जितक्या कडक आणि लिफ्ट जितकी जास्त, तितकी ही ढकलाढकली मोठी. मला जी लांब बाजू लोंबताना दिसली होती ती पट्ट्याची ढिलाई नव्हतीच, कॅम पुढे झुकला होता. त्या खोट्या ढिलाईवर मी खरा ताण दिला होता.

मेस्त्रींनी सांगितलं तसं मांगरात पुन्हा सुरुवात केली. पुढचं चाक काढलं, प्लग चारही काढले, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. हेड कव्हर काढून टॅपेटचे सगळे स्क्रू सैल केले. कॅम पुली दोन बोटांनी फिरवून पाहिली, आणि ती कुठे न अडता फिरली तेव्हा मला काय चुकलं होतं ते हातानेच कळलं. खुणा जुळवल्या, पट्टा चढवताना ओढणारी बाजू सरळ राहील अशी घेतली, टेन्शनर मोकळा सोडला. क्रँक फिरण्याच्या दिशेने दोन पूर्ण फेरे. उलट फिरवायचा नाही, अर्ध्या दाताने खूण हुकली तरी नाही, उलट फिरवलं की ढिलाई नको त्या बाजूला जाते. हुकली तर पुन्हा पूर्ण फेरा घ्यायचा.

आता पट्टा बसला, पण मला आकडा हवा होता. दोनदा हात पोळले होते.

तो मार्ग मेस्त्रींच्या पखवाजाने दाखवला, असं म्हटलं तर चालेल. पट्टा ताणलेला असेल तर तो तारेसारखा वाजतो, आणि ताण वाढला की सूर चढतो, हे त्यांनी बोटाने पट्टा छेडून दाखवलं. “बोट लाय आनि ऐक,” म्हणाले. माझा कान तेवढा तयार नाही, पण भजनातल्या पोरांच्या फोनमध्ये सूर जुळवायचं अॅप असतं, ते सेकंदाला किती कंपनं होतात हे हर्ट्झमध्ये दाखवतं. बाकी गणित शाळेतलंच आहे. ताण म्हणजे चार गुणिले पट्ट्याचं मीटरमागे वजन, गुणिले मोकळ्या पट्ट्याच्या लांबीचा वर्ग, गुणिले कंपनसंख्येचा वर्ग. वजन किलोत, लांबी मीटरमध्ये घ्यायची, उत्तर न्यूटनमध्ये येतं. जुना पट्टा कापून सोनाराच्या काट्यावर वजन केलं, मीटरला १२० ग्रॅम भरलं. दोन पुल्यांमधली मोकळी लांब बाजू २५ सेंटीमीटर. म्हणजे १०० हर्ट्झ आले तर ताण ३०० न्यूटन, मोटामोटी तीस किलोचं ओझं. कंपनसंख्येचा वर्ग असल्यामुळे सूर दहा टक्के चढला तर ताण एकवीस टक्के वाढतो, म्हणून ही पद्धत बोटांच्या पिळण्यापेक्षा किती तरी नेमकी आहे.

किती ताण हवा याचा हर्ट्झमधला आकडा मॅन्युअलमध्ये नव्हता. म्हणून एक सरळ गोष्ट केली. मेस्त्रींकडे बेल्ट बदलायला साधी, कुठलाही बदल न केलेली एस्टीम आली, तेव्हा त्यांनी पद्धतीप्रमाणे पट्टा बसवून होताच मला बोलावलं. पंखा बंद केला, कॉम्प्रेसर बंद केला, फोनचा माइक पट्ट्यापासून दोन बोटांवर धरला आणि पट्टा मधोमध हलका छेडला. पाच वेळा. ९८, ९७, ९८, ९९, ९८. हा माझा मापदंड ठरला.

माझी गाडी त्याच रीतीने मोजली तर ८८. पुन्हा सगळं सोडून बसवली, ८९. तिसऱ्यांदा, ८८. टॅपेट सैल न करता मुद्दाम एकदा बसवून पाहिलं तर एकदा ७१ आणि पुढच्या वेळी ९३. म्हणजे सैल केल्याने आकडा स्थिर झाला होता, पण कमी होता. ताणात काढलं तर साध्या गाडीच्या ऐंशी टक्के. आणि स्क्रूड्रायव्हरने रेटलेला तो पहिला ताण? कुतूहल म्हणून तसाच रेटून मोजला. १३१ हर्ट्झ, म्हणजे बावन्न किलोच्या आसपास. पावणेदोन पटीहून जास्त. बेअरिंगने सहाशे किलोमीटर काढले हेच खूप झालं.

उरलेले वीस टक्के कुठे गेले याचं उत्तर हेड फेसिंगमध्ये होतं. हेड पाऊण मिलिमीटर खाली आलं, पट्टा दोन्ही बाजूंनी खाली जातो, म्हणून साधारण दीड मिलिमीटर पट्टा जास्तीचा झाला. ही ढिलाई खायला टेन्शनरला दीड मिलिमीटरहूनही जास्त आत सरकावं लागतं, कारण पट्टा त्याच्याभोवती थोडाच वळतो. टेन्शनर आत सरकला की त्याची स्प्रिंग आखूड होते, आणि आखूड झालेली स्प्रिंग कमी ओढते. माझी स्प्रिंग तर वीस वर्षांची, खारं वारं प्यायलेली, टोकाच्या हुकाजवळ गंज धरलेली. नवी स्प्रिंग घातली तर ९३. मग मेस्त्रींनी दोन मिलिमीटर पत्र्याची एक छोटी पट्टी कापली, भोक पाडलं, कानशीने कडा मोडल्या आणि स्प्रिंगचा हूक जिथे अडकतो ती जागा चार मिलिमीटर मागे घेतली. ९७. पुन्हा सोडून बसवलं, ९७.

हे सगळं थंड इंजिनावर करायचं, सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर. या इंजिनाचा ब्लॉकही अॅल्युमिनियमचा आहे. क्रँकपासून कॅमपर्यंतचं अंतर पंचवीस सेंटीमीटर धरलं आणि इंजिन साठ अंशांनी तापलं तर ते अंतर ०.३५ मिलिमीटरने वाढतं. पट्ट्याच्या आत काचेच्या धाग्यांचे दोर असतात, ते जवळजवळ ताणले जात नाहीत. म्हणजे गरम इंजिनात ताण आपोआप चढतो. गरम इंजिनावर ताण बरोबर लावला तर थंड झाल्यावर पट्टा ढिला, आणि सकाळी स्टार्टर मारताना दात सुटायची भीती.

मेस्त्रींनी इथे माझा हात धरला ती जागा सांगायला हवी. आकडा ९७ आला म्हणून मी टेन्शनरचा बोल्ट आवळायला घेतला. बोल्ट फिरतो तशी टेन्शनरची प्लेटही थोडी त्याच्याबरोबर सरकते आणि ताण बदलतो. आधी स्टड आवळायचा, मग बोल्ट, दोन्ही टॉर्क रेंचने, आणि आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. कारण या इंजिनात बोल्ट आवळल्यावर स्प्रिंगचं काम संपतं, टेन्शनर तिथेच घट्ट राहतो. आवळल्यावर जो ताण आहे तोच पुढे हजारो किलोमीटर असणार. मी उलट क्रमाने आवळून पाहिलं तेव्हा ९७ चे १०४ झाले होते.

“घट म्हणजे बरो, असा नाय, झिला,” एवढंच ते म्हणाले.

शेवटी कॅम पुली. हेड खाली आल्याने कॅम किंचित मागे पडतो हे त्याच हिशेबातून निघतं. पाऊण मिलिमीटर आणि पुलीची त्रिज्या साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे कॅमवर पाऊण अंशाहून थोडं जास्त, क्रँकवर दीड. ताण पक्का होण्याआधी पुलीचे अंश लावण्यात अर्थ नसतो, ताण बदलला की तेही बदलतात. म्हणून ते सगळ्यांत शेवटी, डायल गेज लावून, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करून.

कव्हर मात्र परत लावलं. रंगीत पुली दिसावी म्हणून वरचं कव्हर काढून टाकणारे बरेच आहेत, आणि त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की किनाऱ्यावर हे करू नका. एप्रिल-मेमध्ये तांबड्या मातीची धूळ, जूनपासून चार महिने पाऊस आणि वर्षभर खारा वारा. ती धूळ पट्ट्याच्या दातांत बसली की कानशीसारखी चालते, आणि टेन्शनर ज्या खिळीवर फिरतो ती खिळी गंजली की स्प्रिंग कितीही चांगली असली तरी टेन्शनर अडकून राहतो. खिळी मी पॉलिश पेपरने घासून अगदी पातळ ग्रीस लावून बसवली. कॅम आणि क्रँकचे सील त्याच वेळी बदलले, कारण तेल लागलेल्या पट्ट्याचा ताण कितीही मोजला तरी तो पट्टा टाकायचाच असतो.

गाडी सुरू केली त्या सकाळी मेस्त्री स्वतः आले होते. कव्हरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्यांनी कान लावला, मग तो माझ्या हातात दिला. टेन्शनरकडून फक्त एक मऊ घरघर येत होती. त्याच दिवशी फोंड्याहून दाजीपूरपर्यंत घाट चढलो, दुसऱ्या गिअरमध्ये साडेपाच हजारांपर्यंत, खिडक्या उघड्या ठेवून. शीळ नव्हती.

एक हजार किलोमीटरवर कव्हर काढून मोजलं, ९५. नवा पट्टा सुरुवातीला थोडा बसतोच. गणपतीनंतर साडेतीन हजारांवर पुन्हा मोजलं, तेव्हाही ९५. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, किलोमीटर आणि आकडा लिहून ठेवतो, आणि हा पट्टा तीस हजारांवर काढायचा असं ठरवलं आहे. नव्या स्प्रिंगच्या हुकाला मात्र पावसाळ्यात पुन्हा तांबूस कड आली आहे. दुसरी मागवली आहे. पुढच्या वेळी कव्हर उघडेन तेव्हा स्प्रिंग बदलायची, टॅपेट सैल करायचे आणि पहिल्यापासून मोजायचं.